बेस ऐकू येत नाही म्हणे!

बेस गिटारबद्दल एक मेसेज परत परत फिरतोय: "बेस म्हणजे चार तारांचं सोपं काम, ज्याला गिटार जमत नाही तो बेस घेतो, तो ऐकूही येत नाही, वाजवणारा मागे उभा असतो, त्याच्याकडे कोणी बघतही नाही आणि आता कॉम्प्युटर असताना तो हवाय कशाला." दरवेळी सोडून देते, आज लिहितेच.

आधी ऐकू न येण्याचं. बेसची सगळ्यात जाड तार सुट्टी छेडली की ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, गिटारच्या जाड तारेच्या बरोबर एक सप्तक खाली, आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो मूळ स्वर काढताच येत नाही, मग बेसचा काय दोष? तरीही वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबतच वाजणारे उंच उपस्वर) ऐकून मेंदू तो खालचा स्वर स्वतःच भरून काढतो, हे मला अजूनही अचाट वाटतं. आणि खालचा आवाज नुसता कानाचा मामला नाहीच. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एका लाइव्ह इलेक्ट्रॉनिक शोमध्ये कानाला कळणारही नाही इतक्या खालच्या आवाजाचे स्पीकर अधूनमधून चालू-बंद केले, तर चालू असताना लोक साधारण १२ टक्के जास्त नाचले (२०२२ साली छापून आलंय). तिथे बेस गिटार नव्हता, पण मुद्दा कळतो ना.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गिटारवाला सी-ई-जी हे तीन स्वर एकत्र धरून बसलाय, म्हणजे सी मेजर कॉर्ड वाजतोय, आणि बेसवाल्याने खाली फक्त ए वाजवला की तोच कॉर्ड ए मायनर सेव्हन होतो, वरच्याने एक बोटही हलवलेलं नसतं आणि गाणं एकदम उदास होतं. हे ज्याच्या हातात आहे त्याला तुम्ही "मागे उभा असलेला" म्हणता?

"गिटार जमत नाही म्हणून"... अमेरिकेची कॅरोल के आधीच स्टुडिओत गिटार वाजवून पोट भरत होती, १९६३ च्या सुमारास एका सेशनला बेसिस्ट आला नाही म्हणून तिने बेस घेतला आणि मग त्यातच रमली. सोपं काम म्हणाल तर बेसिस्ट जेम्स जेमर्सन ऐका, मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची कितीतरी हिट गाणी, ती धावती गुंतागुंतीची लाइन, आणि उजव्या हाताचं एकच बोट! कितीतरी वर्षं रेकॉर्डवर त्याचं नावही छापत नव्हते, याचा मला खरंच राग येतो.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर सिंथ बेस (म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रातून काढलेला बेस) मलाही आवडतो, भांडण नाही. पण बेसिस्ट लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये वाजवायचा, तिथे ड्रमर उरला नाही तेव्हा अंगठ्याने तार आपटून ड्रमची जागा भरायला लागला आणि त्यातून स्लॅप ही बेस वाजवायची पद्धत आली. अशी गोष्ट अडलेल्या माणसाच्या हातातूनच येते. शिवाय स्वर कुठे दाबून तोडायचा, किती लांबवायचा, ग्रूव्ह, म्हणजे गाण्याचा डोलायला लावणारा ठेका, सगळा तिथेच असतो.

राहिलं कोणी बघत नाही ते. द क्लॅश या बँडच्या 'लंडन कॉलिंग' अल्बमचं १९७९ चं कव्हर आठवा, त्यांचा बेसिस्ट पॉल सिमनन वाकून स्टेजवर जे आपटतोय तो फेंडरचा प्रिसिजन बेस आहे. त्याचे तुकडे लंडनच्या म्युझियमने जपून ठेवलेत.