‘हिअर’ म्हणजे नुसतं कानावर पडणं नव्हे

इंग्रजी सुधारण्यासाठी म्हणून व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरतो. त्याचं म्हणणं असं: ‘हिअर’ म्हणजे नकळत कानावर पडणं, ‘लिसन’ म्हणजे लक्ष देऊन ऐकणं, म्हणून गोंगाटाला ‘हिअर’ आणि गाणं, भाषण, बातमी यांना कायम ‘लिसन’. शिवाय ‘लिसन’नंतर ‘टू’ हवाच, आणि ‘हिअर’ला ‘आयएनजी’ कधीच लागत नाही. पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच तक्ता चटकन पटतो. त्यावरून काढलेले नियम मात्र चुकीची वाक्यं लिहायला लावतात.

आधी ‘नकळत’चं पाहू. कोर्टातल्या सुनावणीला इंग्रजीत ‘हिअरिंग’ म्हणतात. न्यायाधीश दोन्ही बाजू नकळत ऐकतात का? ‘हिअर मी आउट’ म्हणजे माझं पुरतं ऐकून घे. इथेही समोरच्याने ठरवूनच ऐकायचं असतं.

गाण्याचा नियमही टिकत नाही. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशींना समोर बसून ऐकलं असेल, तर ‘आय हर्ड भीमसेन जोशी ॲट सवाई गंधर्व’ हेच सहज इंग्रजी. प्रत्यक्ष ऐकलेली मैफल किंवा भाषण अख्खं सांगायचं तर ‘हिअर’ चपखल बसतं. ‘लिसन टू’चा रोख त्या वेळी चाललेल्या ऐकण्यावर असतो: ‘आय वॉज लिसनिंग टू भीमसेन जोशी व्हेन यू कॉल्ड’. रेडिओ, रेकॉर्ड यांनाही बहुधा तेच.

सर्वांत जास्त नुकसान बातमीच्या नियमाने होतं. ‘तुझी बदली झाली असं ऐकलं’ याचं ‘आय लिसन्ड दॅट यू गॉट ट्रान्सफर्ड’ होतं, आणि ते साफ चूक आहे. ‘लिसन’ला असं ‘दॅट’चं वाक्य जोडताच येत नाही. कळलं या अर्थी ‘आय हर्ड दॅट’च. पत्राच्या शेवटच्या ‘हिअरिंग फ्रॉम यू’मध्ये तर कानांचा संबंधच नाही, उत्तर लेखी आलं तरी ते ‘हिअर’च.

‘टू’ लागतो तो पुढे कोणाचं किंवा काय ऐकायचं हे आलं तर. ‘लिसन मी’ चूक, ‘लिसन टू मी’ बरोबर. नुसतं ‘लिसन!’ म्हणताना तो नको. आणि बेल अजून वाजलेली नाही, पण कान तिकडे ठेवायचा आहे, तर ‘लिसन फॉर द डोअरबेल’.

‘आयएनजी’बाबत तक्ता फोनपुरता बरोबर आहे. रेंज नसताना ‘आर यू हिअरिंग मी?’ नको, ‘कॅन यू हिअर मी?’ म्हणा. ‘आर यू लिसनिंग?’ विचारलंत तर प्रश्न रेंजचा राहत नाही, समोरच्याच्या लक्षाचा होतो. पण ‘द कोर्ट इज हिअरिंग द केस’ किंवा ‘आय हॅव बीन हिअरिंग अ लॉट अबाउट यू’ ही अगदी शुद्ध वाक्यं आहेत.

खरा गुंता आपल्या ‘ऐकणे’त आहे. ‘मुलगा माझं ऐकत नाही’ म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागत नाही. त्याला ‘ही डझन्ट लिसन टू मी’. तो लक्ष देऊन सगळं ऐकत असला, तरीही. तिथे ‘ही कान्ट हिअर मी’ लिहून शाळेत चिठ्ठी पाठवली, तर बाई त्याचे कान तपासून घ्यायला सांगतील.