आठ बाय दहाची खोपी

मागच्या पडवीत पाय ठेवायला जागा नाही, हे आमच्या घरात दहा वर्षांपासून सगळ्यांना माहीत होतं. पण या मार्चमध्ये बंद पडलेल्या ऑइल इंजिनावरच्या आंब्याच्या खोक्यांवरचा नारळाच्या सोडणांचा ढीग मध्यरात्री कोसळला. आई कोयती घेऊन "कोण रे तो?" म्हणत उठली आणि सकाळी चहाबरोबर ठराव झाला. परसात खोपी बांधायची.

"मृगाला तीन महिने आहेत. खोपी ती काय, ताजमहाल थोडाच आहे?" असं मी म्हणालो. हे वाक्य बायकोनं जपून ठेवलंय.

सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. पडवीतल्या सामानाची यादी केली, आलेखवहीच्या कागदावर ते रचलं आणि माप काढलं, 6 बाय 8 फूट. आईनं चष्मा लावून कागद पाहिला. "शेणी धरल्यास?" नव्हत्या धरल्या. सरपणही नव्हतं. झाली 8 बाय 10. इतक्यात मुंबईहून दादाचा फोन आला. "एवढं करतोच आहेस तर..." बांधकामात सिमेंटपेक्षा हे चार शब्द महाग पडतात. एवढं करतोच आहेस तर बाजूला एक संडास काढ, गणपतीत रांग लागते. मागून वहिनींचा आवाज, "आणि वर माळा!" रेंज गेल्याचं सांगून मी फोन ठेवला.

"यातलं निम्मं टाकून दिलं तर खोपीच लागणार नाही," सातवीतली मुलगी यादी वाचून म्हणाली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग तिला अभ्यासाला बसवण्यात आलं.

खरा प्रश्न जागेचा होता. आमच्या परसात आठ माड आहेत. सोडणासकट दीड-दोन किलोचा नारळ चाळीस फुटांवरून खाली येतो तेव्हा कौल फुटतं आणि सिमेंटच्या पत्र्याला भोक पडतं. लोखंडी पत्रा तेवढा वाचतो, पण रात्री दोन वाजता घरातलं कुणी वाचत नाही. म्हणून मी पंधरा दिवस निरीक्षण केलं. जिथे नारळ किंवा झावळी पडेल तिथे चुन्याची फुली. परसात क्रिकेटचं मैदान आखतोय, असं वाडीत पसरलं. शेवटी एकही फुली नसलेली जागा सापडली ती नेमकी शेजारच्या काकांच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून.

काका त्याच संध्याकाळी गडग्यापलीकडे उभे. "पाखं किती?"

"दोन. मध्ये आढं, दोन्हीकडे उतार."

"म्हणजे एका पाख्याची पागोळी माझ्याकडे."

पागोळी, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारं पाणी, ज्याची त्याच्या हद्दीत, या नियमावरून आमच्याकडे भाऊ भावाशी बोलत नाहीत. मी तिथल्या तिथे एकपाखी उतार कबूल केला, सगळा आमच्या बाजूला. रात्री हिशेब केला. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. 80 चौरस फूट छपरावरून निदान 22,000 लिटर पाणी उतरणार, आणि उतरणार कुठे, तर आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात. बायकोला हा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

मिस्त्री आले. तंबाखू मळता मळता त्यांनी जागेवर एक नजर टाकली. "साडेतीनशे चिरे टाका." मी दोन संध्याकाळी घालवून भिंतींचं क्षेत्रफळ काढलं, दार वजा केलं, 14 इंच बाय 7 इंचाच्या चिऱ्यानं भागलं. उत्तर 344. वाईट वाटलं. काटकोनासाठी 3-4-5 ची युक्ती तरी त्यांना शिकवावी म्हणून गेलो, तर त्यांनी दोरीवर एकीकडे तीन फुटांवर, दुसरीकडे चार फुटांवर खूण करून तिरका टेप आधीच धरला होता. "पाच. बसला गुण्यात. तुम्ही जरा सावलीत बसा."

मीही हौसेनं पाण्याच्या नळीचं एक टोक धरलं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, हे मला त्या दिवशी कळलं. मिस्त्रींना ते माझ्याकडे बघूनच कळलं असावं. त्यांनी नळी काढून घेतली आणि त्यांच्या गड्याला दिली.

एप्रिलअखेर जोतं झालं. "आता जोत्याला पाणी मारा, चार दिवसांनी येतो," म्हणून मिस्त्री गेले. मग लग्नसराई लागली. मग चिऱ्याची गाडी येईना. मग मिस्त्रींच्याच भाच्याचं लग्न निघालं, त्याचं आमंत्रण मात्र वेळेवर आलं. दरम्यान आईनं जोत्याचा ताबा घेतला. सकाळी फणसाचे पापड, दुपारी आमसुलं. "कोकमं वाळवायला इतकी चांगली जागा या घरात आजवर नव्हती," असं म्हणत ती मला पहिल्यांदाच कौतुकानं बघत होती.

मृगाच्या आदल्या दिवशी आभाळ काळं झालं. शेणी, सरपण, खोकी, आणि चौघांनी मिळून ऑइल इंजिन, सगळं जोत्यावर नेलं. चार बांबू रोवले आणि वरून निळं प्लॅस्टिक ताणून बांधलं, उतार कबुलीप्रमाणे आमच्याकडे.

रात्री वारा फिरला. सकाळी बघतो तर आमच्याकडच्या दोन दोऱ्या वर सरकलेल्या, प्लॅस्टिकच्या पोटात तळं साचलेलं आणि त्याची धार गडग्यावरून पलीकडे लागलेली. काका छत्री घेऊन उभेच होते.

"पागोळी," ते म्हणाले.