गोळीबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

ताई, आपल्या प्रतिक्रियेचा मुख्य मुद्दा असा की, स्मृतिभ्रंश झालेले सासरे पहाटे साडेतीनला, कधीच विकलेल्या म्हशींची धार काढायला निघतात, कोणी दारात आडवे आले की काठी उगारतात, आणि मी मात्र राजारामपुरीतल्या दवाखान्यात बसून रिस्पेरिडोनची, म्हणजे अशा रुग्णांना शांत करायला दिल्या जाणाऱ्या मनोविकारावरील गोळीची, भीती घालतो. आपला संताप रास्त आहे. परंतु गोळी देऊच नये असे माझ्या लेखात कोठेही नाही. ती कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय सुरू करू नये, एवढेच म्हटले आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये या गटातील औषधांबाबत कडक इशारा दिला, त्यामागे १७ चाचण्यांची आकडेवारी होती: सुमारे दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्या, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध रुग्णांपैकी ४.५ टक्के दगावले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. काठीने कोणाचे डोके फुटण्याची वेळ आली असेल तर हा धोका पत्करता येतो. म्हातारा माणूस दिवसभर तोच प्रश्न विचारतो म्हणून तो पत्करणे मला मान्य नाही. ब्रिटनमध्येही रिस्पेरिडोनला अशा आक्रमकतेसाठी परवानगी आहे ती जास्तीत जास्त सहा आठवड्यांची. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवली की तीच स्ट्रिप वर्षभर मिळत राहते, आणि माझे खरे भांडण आहे ते याच्याशी.

आता आपण ओझरते लिहिलेले वाक्य: 'गेल्या पंधरवड्यात एकदम वाढले.' मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. पंधरा दिवसांत माणूस बदलला तर लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, किडलेली दाढ, गुडघेदुखी किंवा नव्याने सुरू झालेले एखादे औषध, यांपैकी काही आहे का ते आधी तपासावे लागते. नॉर्वेतील वृद्धाश्रमांत ३५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेदनेवर पायरीपायरीने उपचार केले, बहुतेकांना साधे पॅरासिटामॉल दिले, आणि आठ आठवड्यांत अस्वस्थता लक्षणीय कमी झाली. सासऱ्यांना नसलेली माणसे दिसत असतील किंवा हातपाय ताठरले असतील, तर तेही गोळीआधी सांगावे. ही लेवी बॉडी नावाच्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात, आणि त्यात रिस्पेरिडोनसारखी औषधे जिवावर बेतू शकतात. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो आणि गोंधळ वाढतो, म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेली ती गोळी नकोच.

म्हशी कधीच विकल्या, हे त्यांना पटवू नका. दर पहाटे ती बातमी त्यांना नवीच असते. दिवा लावून, हातात बादली देऊन, घरच्या कोणीतरी अंगणात एक फेरी मारून आणावी. हे 'घरच्या कोणीतरी' दर वेळी आपणच असता, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. दिरांना आणि यजमानांना रात्री वाटून घ्यायला सांगा, कारण त्याशिवाय माझा कोणताही सल्ला आपल्या घरात चालणार नाही.