घड्याळ बरोब्बर एक तास चुकतंय? बॅटरी बदलू नका

‘डेलाइट सेव्हिंग सुरू होऊनही कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे गेलं नाही, म्हणजे मदरबोर्डवरची बॅटरी संपली,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे चूक आहे. (डेलाइट सेव्हिंग म्हणजे काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत.)

बॅटरी संपली की मशीन सुरू करताच तारीख कित्येक वर्षं मागची दिसते. मिनिटं अचूक आणि फरक नेमका एका तासाचा असेल, तर घोळ टाइम झोनच्या नियमांत आहे. सिस्टिम आतून यूटीसी, म्हणजे जगभरासाठी एकच असलेली प्रमाण वेळ, सांभाळते आणि साठवलेल्या नियमांप्रमाणे स्थानिक वेळ दाखवते. हे नियम बदलतात! अमेरिकेत २००७ पासून घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात. जुने नियम घेऊन बसलेलं मशीन म्हणूनच तिथे दर वसंतात तीन-चार आठवडे तासभर मागे राहतं.

टाइम झोन नीट निवडलाय का, डेलाइट सेव्हिंगचा पर्याय चालू आहे का ते पाहा आणि अपडेट टाका. कृपया हाताने तास पुढे करू नका. त्याने आतली यूटीसी वेळच बिघडते, तुमच्या ईमेलवर चुकीची वेळ पडते, आणि इंटरनेटवरून वेळ जुळली की घड्याळ पुन्हा तासभर मागे येतं.