आयोवाची टायटल गॅरंटी म्हणजे वर्गणी नव्हे

गेल्या आठवड्यात धाकट्या दिराचा फोन आला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डे मॉइनजवळ घर ठरलंय, क्लोजिंग म्हणजे खरेदीचा अंतिम व्यवहार दहा दिवसांवर. म्हणाला, "वहिनी, टायटल गॅरंटी नको म्हणून कळवलं मी. ती दुसऱ्यांच्या घरांसाठी वर्गणी असते म्हणे."

टायटल गॅरंटी म्हणजे घराच्या मालकी हक्कात दोष निघाला तर नुकसान भरून देण्याची सरकारी हमी. वर्गणीचं हे त्याला मराठी ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमधून कळलं. त्यात म्हटलंय: आयोवात टायटल इन्शुरन्सवर, म्हणजे मालकी हक्काच्या खासगी विम्यावर, बंदी आहे, म्हणून इथलं घर धोक्याचं. सरकारी गॅरंटीची फी गरिबांच्या घरांकडे वळवतात, त्यामुळे तुमच्यावर वेळ आली की तिजोरी रिकामी. खासगी कंपन्या असत्या तर स्वस्त पडलं असतं. तेव्हा मालकाची गॅरंटी घेऊ नका.

हा शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. कर्ज देणारी बँक जे संरक्षण मागते, ते तिचं स्वतःचं असतं. उद्या जुन्या मालकाचा वारस हक्क सांगत आला, एखादं गहाण उतरवायचं राहिलेलं निघालं, खरेदीखतावरची सही खोटी ठरली, तर त्या कागदाने बँकेचं कर्ज वाचतं. तुमचं डाउन पेमेंट आणि फेडलेले हप्ते त्यात येत नाहीत. त्यासाठी मालकाच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या माणसाला ‘ते घेऊ नका’ असं सांगताना पाठवणाऱ्याचा हात कसा धजावला, मला कळत नाही.

तिजोरीचं म्हणाल तर आयोवाच्या कायद्याचं कलम १६.९१ वाचा. फी टायटल गॅरंटी फंडात जमा होते. त्यातून आधी खर्च भागवायचा, दाव्यांसाठी पुरेशी राखीव रक्कम ठेवायची आणि त्यानंतर उरेल तेच गृहनिर्माणाच्या कामाला द्यायचं. मेसेजने हा क्रमच उलटा केलाय. १९८५ साली ही व्यवस्था सुरू झाली ती राज्याच्या गृहवित्त प्राधिकरणाखाली. खासगी कंपनीतही शिल्लक उरतेच, ती भागधारकांकडे जाते. इथे ती पहिलं घर घेणाऱ्याच्या डाउन पेमेंटला हातभार लावते. इथली रहिवासी म्हणून मला ते मनापासून पटतं.

बंदी मात्र खरी आहे. १९४७ पासून या राज्यात टायटल इन्शुरन्स विकता येत नाही, आणि असं राज्य अमेरिकेत हे एकच. पण म्हणून घर उघड्यावर पडत नाही. आपल्याकडे वकील जमिनीचा सर्च रिपोर्ट काढतो ना, तसं इथे मालमत्तेच्या जुन्या नोंदींचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट अद्ययावत करतात, वकील ते तपासून लेखी मत देतो आणि त्यावर गॅरंटी मिळते. दोष आधी शोधायचे, असा सगळा रोख.

स्वस्ताईबद्दल फार बोलत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २००७ च्या अहवालात देशभरातल्या टायटल प्रीमियमचा हिशेब मांडलाय: सुमारे ७० टक्के एजंटांकडे, दाव्यांपोटी जेमतेम ५ टक्के. आयोवात बरीच वर्षं ५ लाख डॉलरपर्यंतच्या घराला ११० डॉलर फी होती, पुढे ती वाढली. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि वकिलाचे पैसे वेगळे पडतात, हे मान्य करावं लागेल. नुसती फी बघून तुलना करू नये.

दिराने काल क्लोजिंगच्या ऑफिसला मेल करून मालकाचं प्रमाणपत्र मागितलंय. ज्यांचं क्लोजिंग या महिन्यात आहे, त्यांनी बँकेच्या कागदासोबत आपल्या नावाचा कागद आहे ना, हे आजच विचारून घ्या.