संगणक कुणाचा, तेही बघा

फोनमधल्या फाइल संगणकावर घ्यायला क्लाउडपेक्षा (म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीपेक्षा) केबलने फोन थेट संगणकाला जोडणं सुरक्षित, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण ते घरच्या संगणकापुरतंच खरं. इथे सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं हॉल तिकिटाच्या प्रिंटसाठी झेरॉक्सच्या दुकानात सर्रास फोन जोडतात. अँड्रॉइडवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की ती एकच पीडीएफ नाही, तर फोटो, डाउनलोड्स, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आधारचे फोटोसुद्धा दुकानदारासमोर उघडे पडतात. मुलींनी तर हे करूच नये, असं मला कळकळीने वाटतं. पेनड्राइव्हवर तेवढी एक फाइल न्या.

त्याहून मोठी काळजी यूएसबी डीबगिंगची, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी केबलमधून संगणकाला फोनवर ताबा देणाऱ्या सोयीची. इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी ते चालू करतात आणि लॅबच्या संगणकाला कायमची परवानगी देऊन मोकळी होतात. मग त्या संगणकावरून अ‍ॅप टाकता येतं, स्क्रीन टिपता येते, आणि फोन पुन्हा विचारत नाही. काम झाल्यावर फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन जुन्या परवानग्या रद्द करा, डीबगिंगही बंद करा.

होस्टेलच्या वायफायवर केडीई कनेक्ट (केबलशिवाय फोन आणि संगणक जोडणारं अ‍ॅप) वापरणाऱ्यांनी अनोळखी उपकरणाची जोडणीची विनंती सरळ नाकारावी.