फुफ्फुसात ॲड्रेनलिनचा साठा? नाही हो!

‘पहाटे गार पाण्याने आंघोळ करा, भराभर श्वास घ्या. नसांमधून ॲड्रेनलिन सुटतं, श्वासनलिकांत साठतं, नळ्या दिवसभर मोकळ्या राहतात. पंप फेकून द्या!’ दमेकऱ्यांसाठीचा हा फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपांवर फिरतो आहे.

मुळात ॲड्रेनलिन नसांमधून (म्हणजे मज्जातंतूंमधून) सुटत नाही. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून रक्तात येतं. नसांची टोकं सोडतात ते नॉरॲड्रेनलिन, आणि श्वासनलिका सैल करणाऱ्या बीटा-२ ग्राहींवर (पेशीवरच्या, रसायन पकडणाऱ्या जागांवर) त्याचा जोर फारच कमी. शिवाय माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूंपर्यंत या नसा जवळपास पोचतच नाहीत. त्यांचा पसारा तिथल्या रक्तवाहिन्यांभोवती आणि ग्रंथींभोवती.

आता ‘साठतं’ या दाव्याकडे. यात तथ्याचा कण आहे, म्हणूनच तो पटतो. अमेरिकी शास्त्रज्ञ ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास किरणोत्सारी खूण केलेलं नॉरॲड्रेनलिन मांजरांना टोचलं. ज्या बाजूचा मानेतला मज्जागंड (नसांच्या पेशींची गाठ) आधीच काढला होता, त्या बाजूच्या लाळग्रंथीने ते जवळपास घेतलंच नाही. म्हणजे उचलून धरून ठेवणारी जागा होती नसांची टोकं. (१९७० च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता.) पण टोकाने परत ओढलेलं रसायन इवल्या पुटिकांत बंद होतं. ग्राही पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे तिथला परिणाम तेवढ्यापुरता संपतो. साठवण म्हणजे इथे काम थांबणं!

हे रसायन दूर होण्याची दुसरी वाट ब्रिटिश शास्त्रज्ञ लेस्ली आयव्हर्सन यांनी १९६५ मध्ये उंदराच्या हृदयात दाखवली. नसांखेरीज इतर पेशीही, त्यात श्वासमार्गातल्या रक्तवाहिन्यांचे स्नायूही आले, हे रसायन आत घेतात. तिथे ते टिकत नाही, कॉम्ट आणि माओ ही विकरं (एन्झाइम) त्याची मोडतोड करतात. गंमत म्हणजे ही वाट स्टेरॉइडने अडते. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर श्वासमार्गातल्या रक्तवाहिन्या काही मिनिटांतच आकसतात, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

‘पण ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दम्यात देतात ना?’ गंभीर ॲलर्जीत देतात, आणि त्याने नळ्या उघडतातही. पण परिणाम लवकर ओसरतो. पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधाची रचना अशी की कॉम्टला ते मोडता येत नाही, म्हणून त्याचा असर चार ते सहा तास राहतो.

राहिले ते भराभर श्वास. गार, कोरडी हवा वेगाने आत ओढली की श्वासमार्ग सुकतो, आणि दमेकऱ्याच्या नळ्या त्यानेच आवळतात. पहाटे, पंप फेकून दिल्यावर, हा प्रयोग करायचा?